पाटीवरचा ‘ज’ का पडला?

जानेवारीत एका कार्यालयावर नवी कोरी पाटी लागली. मागे स्टीलचा पत्रा, त्यावर फूटभर उंचीची निळ्या ॲक्रिलिकची सुटी अक्षरं : ‘जनसेवा केंद्र’. नारळ फुटला, फोटो निघाले, बातमी मीच लावली. मे संपता संपता ‘ज’ खाली पडला. आता पाटी वाचायची तर ‘नसेवा केंद्र’. गाव हसलं, मीही हसलो.

हसून झाल्यावर मात्र अशा पाट्या बनतात त्या दुकानात जाऊन बसलो. शटर अर्धं खाली, पंखा बंद. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा इंजेक्शनच्या सिरिंजने ॲक्रिलिकच्या सांध्यात पाण्यासारखं काहीतरी सोडत होता. विचारलं तर म्हणाला, “क्लोरोफॉर्म आहे काका. पंखा लावला की लगेच उडून जातं.” त्रास होत नाही का? “संध्याकाळी डोकं जड होतं. चहा घेतला की उतरतं.”

पडलेला ‘ज’ आणि पोराचं जड झालेलं डोकं, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. ती गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

ओटो रोम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०१ मध्ये ॲक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या पदार्थांवर प्रबंध लिहिला. पुढे त्याची कंपनी दोन काचांच्या मध्ये असा पदार्थ घट्ट करून न फुटणारी काच बनवायच्या मागे लागली. एका प्रकाराने दगा दिला. काचांना धरून राहायचं सोडून तो स्वतंत्र, पारदर्शक तक्ता होऊन बाहेर आला. १९३३ मध्ये त्याचं नाव नोंदलं गेलं ‘प्लेक्सिग्लास’. त्याच सुमारास इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या रोलंड हिल आणि जॉन क्रॉफर्ड यांनी तोच पदार्थ ‘पर्स्पेक्स’ म्हणून आणला. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाच्या वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण याचंच होतं.

म्हणजे बघा, ज्या वस्तूचा जन्मच दुसऱ्याला न चिकटल्यामुळे झाला, ती आपण पत्र्यावर गमाचे चार थेंब टाकून कायमची बसवायला निघालो.

ॲक्रिलिकला ॲक्रिलिक जोडणं मात्र सोपं. क्लोरोफॉर्म किंवा मिथिलीन क्लोराइड हे खरं तर गम नव्हेच. ते दोन्ही कडा विरघळवतं, दोन्हीकडच्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, आणि द्रव उडून गेला की मध्ये तिसरं काही उरत नाही. हे वेल्डिंगच आहे, फक्त आगीशिवाय. कडा सरळ आणि साफ असेल तर सांधा काचेसारखा स्वच्छ दिसतो.

पण स्टील क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही. त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही. मग दुकानदार हात घालतो तो झटपट चिकटणाऱ्या गमाला, ज्याला आपण कंपनी कुठलीही असो, फेविक्विकच म्हणतो.

गंमत म्हणजे हा गमसुद्धा अशाच पारदर्शक प्लास्टिकच्या शोधात सापडला. १९४२ मध्ये ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट हाताला लागलं, पण ते सगळ्यालाच चिकटायचं, म्हणून बाजूला ठेवलं. १९५१ मध्ये जेट विमानांच्या झाकणासाठी उष्णता सोसणारं प्लास्टिक शोधताना तेच पुन्हा समोर आलं आणि तपासणीच्या उपकरणाचे महागडे लोलक एकमेकांना चिकटून बसले. तेव्हा कुठे लक्षात आलं की हा गम आहे. १९५८ मध्ये तो बाजारात आला.

पण तो ताठ असतो, वाकत नाही. शिवाय त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरी बुरशी आल्यासारखा डाग पडतो, कधी बारीक तडेही जातात.

आता आपल्या ‘ज’चा हिशेब करू. पहाटेची थंडी १० अंश धरा आणि मे महिन्यात उन्हात तापलेली पाटी ६० अंश. या ५० अंशांच्या फरकात फूटभर ॲक्रिलिक साधारण १ मिलिमीटर वाढतं. स्टेनलेस स्टील वाढतं जेमतेम पाव मिलिमीटर. रोज सकाळी ॲक्रिलिक पुढे धावतं, रात्री मागे येतं, आणि मधल्या ताठ गमाने दोघांनाही एका जागी धरायचं. चार महिने तो टिकला हेच खूप झालं. “आणखी कडक गम आणा” हा त्यावर उपाय नाही, कारण कडकपणा हाच तर रोग आहे.

डॉक्टरांनी हे फार आधी ओळखलं. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी १९५८ च्या सुमारास खुब्यातला धातूचा सांधा हाडात बसवायला ॲक्रिलिकच वापरलं. आपल्याकडे म्हातारी माणसं “खुब्यात सिमेंट भरलंय” म्हणतात, ते हेच. पण चार्नली बजावून सांगायचे, हा गम नाही. भिंतीतल्या भेगेत मसाला ठासावा तसा हा भराव आहे, तो आकाराच्या जोरावर धरतो. धातू आणि ॲक्रिलिक चिकटपणाच्या भरवशावर सोडू नयेत, हे त्यांनी माणसाच्या शरीरात सिद्ध केलं. आपण ते पाटीवरही शिकलो नाही.

आता त्या पोराकडे येतो.

क्लोरोफॉर्मने माणसाला भूल देता येते हे एडिनबर्गच्या डॉ. सिम्पसन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये दाखवलं. तीन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १८४८ मध्ये हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचं नख काढायला गेली आणि भूल देताना दगावली. पुढे कितीतरी वर्षं वाद चालला : क्लोरोफॉर्म श्वास थांबवतं की हृदय? त्या वादाची चौकशी हैदराबादेत झाली. सहाव्या निजामाच्या पैशाने, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. तेव्हा आपला मराठवाडा त्याच राज्यात होता. आयोग म्हणाला, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला धोका नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या भुलेतही क्लोरोफॉर्मने हृदय अचानक बंद पडू शकतं.

ज्या औषधावर दोन-दोन आयोग बसले, जे डॉक्टरांनी शेवटी हातातून खाली ठेवलं, ते आज आपला पोरगा अर्ध्या शटरच्या आत आठ तास हुंगतोय. यकृतावर त्याचा मार बसतो तो वेगळाच.

काही दुकानांत त्याऐवजी मिथिलीन क्लोराइड असतं. ते ४० अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्या मे महिन्यात बाटलीचं झाकण उघडायचीही खोटी. शरीरात गेलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेने २०२४ मध्ये त्याचे घरगुती आणि बहुतेक औद्योगिक वापर बंद करण्याचा नियम केला.

मग करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. अक्षराला मागून स्टड लावा किंवा पुढून स्क्रू मारा, आणि ॲक्रिलिकमधलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा, त्याला हलायला जागा हवी. चिकटवायचंच असेल तर फोमची दुहेरी ॲक्रिलिक टेप किंवा न्यूट्रल सिलिकॉन वापरा. दोन्ही ताणलं जातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते धातू खातं. चिकटवण्याआधी थिनरने पुसू नका, ॲक्रिलिकला तडे जातात.

आणि दुकानात एक्झॉस्ट पंखा खाली, जमिनीलगत बसवा. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच साचते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही.

पाटीच्या निविदेत रंग असतो, आकार असतो, उद्घाटकाच्या नावाच्या अक्षरांची उंचीही असते. जोड कसा असावा याची एक ओळ नसते. ती ओळ लिहिली तर जनतेचा पैसा दोनदा जाणार नाही. आणि दुसरी ओळ, काम हवेशीर जागेत व्हावं, ही लिहिली तर त्या पोराचं डोकं रोज संध्याकाळी जड होणार नाही.

पडलेला ‘ज’ उद्या कोणीतरी पुन्हा चिकटवेल. कसा चिकटवला आणि कोणी, हे यावेळी बातमीत लिहीन.