जपानमधील हिशेबाचे खेळ

संगणकावरील खेळांचा इतिहास बहुधा वेग आणि नेमबाजी यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु १९८० आणि १९९० च्या दशकांत जपानमध्ये त्याच्या जोडीने असाही एक प्रवाह वाढला, ज्यात बोटांच्या चपळाईला फारसे मोल नव्हते आणि पडद्यावरील आकडे वाचून आपल्या पाळीला नेमका निर्णय घेणे हाच खेळाचा गाभा होता. पटावरचे पारंपरिक खेळ, प्रत्यक्षातील एखाद्या व्यवहाराची नियमबद्ध प्रतिकृती उभी करणारी सिम्युलेशने आणि शाळकरी वयातील प्रेमाची कथा सांगणारे प्रणयखेळ आज संग्राहकांच्या कपाटांत वेगवेगळ्या खणांत ठेवले जात असले, तरी हे तिन्ही प्रकार हिशेबाच्या एकाच बैठकीवर उभे आहेत.

या प्रवाहाची पूर्वपीठिका पटावर आहे. शोगी हा चतुरंगाच्या कुळातला, ८१ घरांचा आणि ४० मोहऱ्यांचा जपानी खेळ असून त्यात जिंकलेली मोहरी आपल्या बाजूने पुन्हा पटावर उतरवता येतात. नारा येथील कोफुकुजी मंदिराच्या परिसरात सापडलेल्या मोहऱ्यांसोबत १०५८ सालाची नोंद असलेली लाकडी पट्टी मिळाल्याने या खेळाचे जपानमधील वास्तव्य किमान साडेनऊशे वर्षांचे ठरते. चीनमधून विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या माजोंगला मात्र चार गडी लागतात, आणि ते जमवण्याची अडचण यंत्राने दूर केली. १५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोचे फॅमिकॉम हे घरगुती खेळयंत्र बाजारात आले आणि पुढच्याच महिन्यात त्यावर माजोंग आले. १८८९ साली क्योतोत हानाफुदा नावाच्या जपानी पत्त्यांच्या निर्मितीपासून सुरू झालेल्या निन्टेन्डोच्या दृष्टीने बैठ्या खेळाकडे वळणे ही परंपराच होती.

सिम्युलेशनची पायवाट याच सुमारास, पण खेळण्यांच्या दुनियेबाहेर पडली. तोचिगी प्रांतातील आशिकागा येथे योइची एरिकावा यांनी १९७८ साली कोएइ ही कंपनी काढली, ती रंगद्रव्यांच्या व्यापारासाठी. पत्नी केइको यांनी वाढदिवसाला भेट दिलेल्या संगणकावर त्यांनी आज्ञावली लिहायला सुरुवात केली आणि १९८१ साली सोळाव्या शतकातील ताकेदा शिनगेन व उएसुगी केनशिन यांच्या झुंजीवर आधारलेला ‘कावानाकाजिमा नो कास्सेन’ हा खेळ कॅसेटवर विक्रीला काढला. १९८३ च्या ‘नोबुनागा नो याबो’ या खेळात लढाईच्या बरोबरीने प्रांताचा कारभारही आला. पीक, कर, पूरनियंत्रण आणि रयतेची निष्ठा यांचे आकडे सांभाळल्याशिवाय फौज पोसता येत नाही, हे त्या खेळाने शिकवले. त्या काळच्या संगणकांना पडद्यावर झपाट्याने चित्रे हलवणे जड जाई, पण आकडेमोड आणि मजकूर मांडणे सोपे होते. एनइसी कंपनीच्या १९८२ मधील पीसी-९८०१ या संगणकावर तर जपानीतील कांजी लिपीचिन्हे सुबकपणे उमटत असल्याने, दीर्घ संवाद आणि तक्ते यांवर चालणाऱ्या खेळांना तो विशेष मानवला.

प्रांताच्या जागी माणूस आणला, की याच यंत्रणेतून जीवनाचे सिम्युलेशन तयार होते, आणि हा बदल गायनॅक्स या संस्थेच्या १९९१ मधील ‘प्रिन्सेस मेकर’ने ठळकपणे केला. ताकामी आकाई यांच्या या खेळात दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या मुलीचे अठराव्या वर्षापर्यंत संगोपन करायचे असते, आणि तिचे शिक्षण, काम व विश्रांती यांच्या मांडणीतून तिचे भवितव्य ठरते. प्रणयाचा विषय यापूर्वीही हाताळला गेला होता. १९८७ च्या ‘नाकायामा मिहो नो तोकिमेकी हायस्कूल’मध्ये तर खेळात मिळणाऱ्या क्रमांकावर खरोखर दूरध्वनी करून त्या गायिका-अभिनेत्रीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकता येत असे. संगणकावरील अशा खेळांचा मोठा भाग मात्र प्रौढांसाठीचा होता, आणि त्यावरून उठलेल्या वादानंतर १९९२ साली उद्योगाने स्वनियमनासाठी स्वतंत्र संस्था उभारली.

या दोन धारांचा संगम २७ मे १९९४ रोजी कोनामीने पीसी इंजिन या यंत्रासाठी प्रकाशित केलेल्या ‘तोकिमेकी मेमोरियल’मध्ये झाला. त्यातील नायक उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षे कशी घालवतो, याचा आराखडा खेळणाऱ्याने आठवड्या-आठवड्याने ठरवायचा असतो. अभ्यास, कला, व्यायाम आणि दिसणे यांचे गुण वाढतात, थकवा व ताण साचतो, आणि एखाद्या मुलीकडे फार काळ दुर्लक्ष झाल्यास तिची नाराजी इतर मुलींच्या मतावरही परिणाम करते. सीडीच्या मोठ्या साठवणक्षमतेमुळे पात्रांना ध्वनिमुद्रित संवाद मिळाले, ही या खेळाची जमेची बाजू होती; परंतु त्याचा सांगाडा नोबुनागाच्या प्रांतकारभाराचाच होता, कारण दोन्हींकडे मर्यादित दिवसांत कशाचा त्याग करायचा हाच प्रश्न आहे. त्याच वर्षी केइको एरिकावा यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘रुबी पार्टी’ या स्त्रियांच्या गटाने ‘आंजेलिक’ साकारला, ज्यात राणीपदाची उमेदवार नऊ संरक्षकांच्या साहाय्याने भूभागाचा विकास करते आणि त्यांच्यापैकी एखाद्याच्या प्रेमातही पडू शकते. मुलींसाठी रचलेल्या प्रणयखेळांचा, म्हणजे ओतोमे प्रकाराचा, आरंभ येथून मानला जातो.

आकडे हाच या खेळांचा आशय असतो, याला पुढे न्यायालयाचीही मान्यता मिळाली. ‘तोकिमेकी मेमोरियल’च्या नायकाचे गुण आरंभापासूनच वाढवून देणारी मेमरी कार्डे विकणाऱ्याविरुद्धच्या दाव्यात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २००१ रोजी निर्णय दिला, की अशा बदलाने नायकाचे व्यक्तित्व आणि कथेचा ओघ मूळ कल्पनेबाहेर जातो, म्हणून तो कृतीच्या अखंडत्वाचा भंग ठरतो. त्याच न्यायालयाने २५ एप्रिल २००२ रोजी वापरलेल्या खेळांची फेरविक्री कायदेशीर ठरवली, आणि संग्राहकांचा बाजार ज्या पायावर उभा आहे तो पाया त्यामुळे पक्का झाला.

या संग्रहाचे मोल हौसेपुरते मर्यादित नाही. जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाकडे अशा प्रकाशनांची प्रत जमा करण्याचे बंधन ऑक्टोबर २००० पासून लागू झाले, त्यामुळे त्यापूर्वीच्या दोन दशकांचा ठेवा प्रामुख्याने खासगी संग्रहांवर आणि २०११ साली तोक्योत स्थापन झालेल्या ‘गेम प्रिझर्व्हेशन सोसायटी’सारख्या संस्थांवर अवलंबून आहे. फ्लॉपीला बुरशी लागते, चुंबकीय नोंद क्षीण होते, आणि नक्कल रोखण्यासाठी योजलेली कुलपे आता जतनाच्याच आड येतात. शिवाय नियमांची पुस्तिका, नकाशा आणि सीडीच्या डबीवरील ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी यांशिवाय अशा खेळाची नोंद अपुरी राहते, कारण पडद्यावरील आकड्यांचा अर्थ अनेकदा त्या कागदांतच सांगितलेला असतो. एका पिढीने राज्य, कुटुंब आणि प्रेम यांतील कोणत्या गोष्टी मोजण्याजोग्या मानल्या, हे हे खेळ थेट नोंदवतात. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीच्या जपानचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्याने त्यांना साहित्य आणि चित्रपट यांच्या पंगतीत बसवले पाहिजे, आणि ते खेळ चालत्या यंत्रासह टिकवणे ही ग्रंथालयांनी संग्राहकांच्या बरोबरीने उचलावयाची जबाबदारी आहे.