आग फेकणारं शस्त्र : आग्नेयास्त्र ते फ्लेमथ्रोअर

रामपायली (जि. बालाघाट) : दसऱ्याला रावण पेटला की पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो, अग्निबाण खरंच होता का? मोबाइलच्या खेळात पाठीवर टाकी बांधलेला शिपाई आगीचा झोत सोडतो, ते पाहून पोरांना सगळंच खरं वाटतं. त्यातला शिपाई खरा आहे. अस्त्र मात्र कथेतलं.

महाभारतात आग्नेयास्त्र अनेकदा येतं. अर्जुनाने त्याने अंगारपर्ण गंधर्वाचा रथ जाळला, पण गंधर्व जिवंत राहिला. सोडलेलं अस्त्र परत घेण्याची विद्याही तिथे आहे. अर्जुनाला ती येत होती, अश्वत्थाम्याला नाही. खऱ्या आगीला परत बोलावणारा मंत्र नसतो, आणि या शस्त्राची सगळी अडचण तिथेच आहे.

हे कौटिल्याने ओळखलं होतं. अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात किल्ला जाळण्याच्या युक्त्या आहेत. किल्ल्यात घरटी असलेले ससाणे, कावळे, घुबडं, कबुतरं पकडायची, शेपटीला ज्वालाग्राही चूर्ण बांधायचं आणि सोडून द्यायचं. पाखरं घरट्याकडे जाणार, छपरं पेटणार. आतल्या हेरांनी हेच काम माकडं, मांजरं, मुंगसं, कुत्र्यांकडून करून घ्यायचं. एवढं सांगून तो बजावतो की लढून किल्ला मिळत असेल तर आग लावू नका. आग भरवशाची नाही. माणसं, धान्य, जनावरं, धन सगळं जळतं, आणि असं राज्य हाती आलं तरी तोट्याचंच. दयेची नाही, सरळ जमाखर्चाची भाषा आहे ही.

आगीचा झोत फेकणारं यंत्र पुढे सातव्या शतकात बायझंटाईन आरमाराने वापरलं. नळीतून सुटणारं ते द्रव पाण्यावरही जळत राहायचं. त्याची कृती इतकी गुप्त ठेवली की शेवटी हरवलीच. चीनच्या 1044 च्या युद्धग्रंथात दट्ट्याच्या पंपाचं वर्णन आहे. मराठा फौजेतले बाणदार बांबूला बांधलेल्या बारुदाच्या नळ्या सोडत. पण ते रॉकेट झालं, झोत नव्हे.

आजचा फ्लेमथ्रोअर जर्मन अभियंता रिचर्ड फीडलर याचा, 1901 च्या सुमाराचा. 26 फेब्रुवारी 1915 ला तो व्हर्दूनजवळ फ्रेंचांवर वापरला गेला आणि 30 जुलैला बेल्जियममधल्या होख इथे ब्रिटिशांवर. खंदकातली माणसं गोळीपेक्षा या झोताला जास्त घाबरली.

रचना समजायला धानावर फवारणी करायचा पंप डोळ्यांसमोर आणावा. औषधाच्या जागी घट्ट केलेलं पेट्रोल, दांड्याच्या जागी दाबाखालचा वायू, नळीच्या तोंडाशी ठिणगी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन एम-2 चं भरलेलं वजन 30 किलोच्या आसपास, इंधन सुमारे 18 लिटर, मारा फार तर 40 मीटर. आणि हे सारं दहाएक सेकंदांत खलास! सिनेमात तो मिनिटभर धडधडतो, ते सोडून द्या. शिवाय 40 मीटरवर जाईपर्यंत टाकीवाला शत्रूच्या रायफलच्या माऱ्यात असतो, आणि पहिली गोळी त्यालाच. म्हणून पुढे हे यंत्र रणगाड्यांवर चढवलं. 1945 मध्ये इवो जिमा बेटावर गुहांत दडलेल्या जपान्यांवर असे रणगाडे वापरले. व्हिएतनामनंतर, 1978 मध्ये, अमेरिकेने हे शस्त्र सोडलं.

जगभर बंदी आहे, असं बरेच जण समजतात. तसं नाही. 1980 च्या जिनिव्हा कराराचा तिसरा प्रोटोकॉल आग लावणारी शस्त्रं सामान्य नागरिकांवर वापरायला मनाई करतो. भारताने तो 1984 मध्ये मान्य केला. सैनिकांवरचा वापर त्यात सरसकट बंद नाही. जंगलाचंही एक कलम आहे : अशा शस्त्राने जंगलावर हल्ला करायचा नाही. मात्र त्याच जंगलाच्या आडोशाला सैनिक लपले असतील, तर ही मनाई उरत नाही.