कंबरदुखीचे नऊ प्रश्न

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे पायाळू माणसाला शोधत. जन्मताना ज्याचे पाय आधी आले, तो पायाळू. त्याने कंबरेला पाय लावला, की झाले! आपण आज हसतो. पण साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, म्हणून पायाळूला यश येई. ग्रंथांतले वैद्यक मात्र सगळ्यांना एकच पाय लावत नव्हते. चरकसंहितेत कंबरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्याला गृध्रसी म्हटले आहे, आणि तिचेही वातज व वातकफज असे दोन प्रकार केले आहेत.

१९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी मणक्यातली चकती आणि पायातली कळ यांचा संबंध दाखवला. पुढे ज्याची त्याची गादीच सरकू लागली! उपाय ठरलेला, अंथरुणावर पडून राहा. १९८६ साली डेयो यांच्या अभ्यासात दोन दिवस विश्रांती घेणारे सात दिवसवाल्यांइतकेच बरे झाले, शिवाय त्यांचे कामाचे दिवस कमी बुडाले.

मग इंग्लंडमधील कील विद्यापीठाने नऊ प्रश्नांचा कागद केला. कळ पायात उतरते का, कपडे घालायला वेळ लागतो का, हे दुखणे कधीच जाणार नाही असे वाटते का, असे प्रश्न. दुखणे रेंगाळण्याचा धोका कमी असेल त्याला धीर आणि सल्ला, मध्यम असेल त्याला व्यायामोपचार, जास्त असेल त्याला व्यायामाबरोबर मनातली भीती घालवणारे उपचार. २०११ मध्ये ८५१ रुग्णांवरच्या चाचणीत ही वाटणी नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. अमेरिकेत २०१८ मध्ये मात्र फरक पडला नाही. तिथे डॉक्टरांना शिकवले, पण उपचार जुनेच चालू राहिले.

मला विचार पडतो तो वाशी, भूम, कळंबच्या ऊसतोड मजुरांचा. दिवाळीच्या सुमारास घर सोडायचे, दिवसभर वाकून ऊस तोडायचा, डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाची कंबर धरली तरी खाडा पडतो आणि मुकादमाची उचल फिटायची राहते. यांना ‘हिंडते-फिरते राहा’ हे कोणी सांगायला नको. ‘ओझे टाळा’ म्हणावे, तर पोट त्याच ओझ्यावर. कीलच्या कागदावर मनातल्या भीतीचा प्रश्न आहे, उचलीचा नाही. वाशीच्या दवाखान्यात मी तो दहावा प्रश्न म्हणून आधी विचारीन.