शस्त्रत्यागाची पारख

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्याच्या जलाशयाच्या टोंकास रतनगड उभा आहे. धरण होण्यापूर्वीं हा मुलूख पाण्यापेक्षां बंडांसाठींच अधिक गाजला होता. १८१८ त पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं सह्याद्रींतील गड घेतले व पुष्कळांच्या पायऱ्या सुरुंगानें उडविल्या. गड मोडला कीं नाहीं, हें डोळ्यांनीं पाहतां येतें; झोंपडीच्या आढ्याला खोवलेली तलवार मात्र कोणास दिसणार? याच भागांतील देवगांवचे महादेव कोळी नायक राघोजी भांगरे यांनीं १८४४ च्या सुमारास उठाव केला. १८४८ त त्यांस ठाण्यास फांशी देण्यांत आलें. नायक गेले, पण त्यांच्या मुलुखांत घरोघर हत्यारें किती उरलीं, हें कसें कळावें?

उत्तर अनायासें मिळालें. १८५७ च्या धामधुमींत नटल नांवाच्या इंग्रज अंमलदारानें या डोंगरांतील कोळ्यांची पलटण उभारली. डिसेंबरांत पहिले शंभर जवान सज्ज झाले, ते आपापल्या तलवारी व बंदुका घेऊनच! पुढें पलटण सहाशांची झाली. १८६१ त ती मोडण्यांत आली. झडतीस जें सांपडलें नसतें, तें चाकरीच्या बोलावण्यानें उघड झालें.

पुढें १८७८ चा हत्यारांचा कायदा आला व परवाना आवश्यक ठरला. परंतु परवान्याच्या वहींत परवान्याचेंच हत्यार नोंदलें जातें. लपविलेल्याचा मागमूस तींत नसतो.

जें तालुक्याचें, तेंच राष्ट्राचें. पहिल्या महायुद्धानंतर दोस्तांच्या नियंत्रण मंडळानें १९२७ पर्यंत जर्मनींत राहून तोफा व बंदुका मोजून मोडविल्या. त्याच सुमारास जर्मन वैमानिक रशियांत लिपेत्स्क येथें गुप्तपणें शिक्षण घेत होते. शस्त्रें मोजलीं गेलीं. विद्या मोजली गेली नाहीं. इराकची गोष्ट उलट. त्यानें १९९१ त बरींच निषिद्ध अस्त्रें निरीक्षकांस न दाखवितां परस्पर नष्ट केलीं. पुढें तीं उरलीं नाहींत, हें त्यास पटवून देतां येईना. २००३ त त्याच्यावर स्वारी झाली, आणि नंतरच्या शोधांत साठे सांपडलेच नाहींत. दक्षिण आफ्रिकेनें मात्र आपण सहा अण्वस्त्रें करून मोडलीं, हें १९९३ त जाहीर केलें व आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढें दप्तरें उघडीं केलीं. युरेनियमचा हिशेब ताडून पाहण्यांत आला, आणि जगास तो पटला.

पुढ्यांत आलेल्या ढिगावरून घरांत काय उरलें, हें कळत नाहीं. बाकी काढावयाची, तर आरंभींची शिल्लक ठाऊक हवी. आणि ती देणाऱ्यानेंच खरी सांगावी लागते. डोंगरांतल्या त्या शंभर जणांनीं हत्यारें बाहेर काढलीं, तीं धाकानें नव्हे. तीं दाखविल्यानें शिक्षा होणार नाहीं, ही खात्री त्यांस होती. तपासनिसाच्या दृष्टीइतकीच ही खात्रीही शस्त्रत्यागाच्या कामीं लागते.