नोविकबाईंचा एक हिवाळा

नोकरीने माणसातला लेखक मरतो, असे म्हणण्याची आम्हां नोकरदारांत रीतच आहे. आम्हीही ते पुष्कळदा म्हटले आहे. परंतु अमेरिकन कादंबरीकार नाओमी नोविक यांची कारकीर्द पाहता ही तक्रार एकदा तपासून घ्यावी, असे वाटू लागते.

नोविकबाईंचा जन्म १९७३ मध्ये न्यूयॉर्क येथे झाला. वडील लिथुएनियन ज्यू वंशाचे, आई पोलिश. त्यामुळे पोलंडच्या लोककथा घरातच ऐकलेल्या. त्यांनी ब्राउन विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि कोलंबिया विद्यापीठात संगणकशास्त्राचा. पुढे कॅनडातील एडमंटन येथे एक हिवाळा त्यांनी संगणकीय खेळाच्या आज्ञावली लिहिण्यात घालविला. ‘नेव्हरविंटर नाइट्स’ या खेळाची ती ‘शॅडोज ऑफ अंड्रेन्टाइड’ ही पुरवणी २००३ मध्ये बाहेर पडली. हे काम करतानाच आपला ओढा आज्ञावलीपेक्षा लेखनाकडे अधिक आहे, हे त्यांना उमगले. न्यूयॉर्कला परतून त्यांनी कादंबरीस हात घातला.

२००६ या एकाच वर्षी ‘टेमेरेअर’ मालेचे पहिले तीन भाग प्रसिद्ध झाले. काळ नेपोलियनच्या युद्धांचा. मात्र येथे लढणाऱ्या राष्ट्रांजवळ ड्रॅगनांचे, म्हणजे पंख असलेल्या बोलक्या महासर्पांचे, हवाई दळ आहे. अद्भुत काय ते एवढेच. बाकी सारा चोख हिशेब. कोणत्या जातीचा ड्रॅगन किती भार पेलतो, पाठीवर बंदूकवाले कोठे बसतात, पट्टे कोण आवळतो, हे सर्व ठरलेले. खेळात नियमाची एक कडी निसटली की खेळणारा ती तत्काळ पकडतो. ही शिस्त बाईंच्या हातात तेव्हाच मुरली असावी, असे आम्हांस वाटते.

या नियमांतूनच कथेचा खरा प्रश्न उभा राहतो. इंग्लंडात ड्रॅगन ही लष्कराची मालमत्ता, तर चीनमध्ये तो मानाने नांदणारा नागरिक. चीन पाहून आलेला टेमेरेअर वेतन व हक्क मागू लागतो. सरकारी चाकरास हे वाचताना हसू येते, आणि काहीसे टोचतेही.

नऊ भागांची ही माला २०१६ मध्ये पूर्ण झाली. त्याआधी २०१५ मध्ये आलेल्या ‘अपरूटेड’मध्ये आईच्या पोलिश कथा उमलल्या, तिला नेब्युला पारितोषिक लाभले. २०१८ च्या ‘स्पिनिंग सिल्व्हर’मध्ये वडिलांकडचा वारसा सावकाराच्या ज्यू कन्येच्या रूपाने आला. २०२० ते २०२२ मधील ‘स्कोलोमॅन्स’ कथात्रयीच्या नायिकेचे पितृकुल तर मुंबईचे, आणि तिच्या हाती लागतो तो ग्रंथ संस्कृत सूत्रांचा!

आज्ञावलीची विद्याही वाया गेली नाही. हौशी लेखकांसाठी २००७ मध्ये निघालेल्या संस्थेच्या संस्थापकांत बाई होत्या. त्या संस्थेच्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. त्या संग्रहास २०१९ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळाले.

बाईंनी नोकरी सोडली हे खरे; पण तेथे शिकलेले सोडले नाही. परमुलखातील कचेरीत नियमांचे गठ्ठे उपसताना आपणही काही शिकत असतोच. लिहिणे राहून गेले, तर त्याचा सारा दोष त्या गठ्ठ्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.