गावाहून परत आल्यावर मन का लागत नाही? पोलादपूर-महाडच्या चाकरमान्यांच्या निमित्ताने समजून घेऊया

गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की पोलादपूरच्या एसटी स्थानकात आणि महामार्गावरच्या नाक्यांवर परतीची गर्दी सुरू होते. तांदळाच्या पिशव्या, नाचणीचं पीठ, कुळीथ, आमसुलं, कुणाच्या हातात देवळातला नारळ. येताना रात्रभर उभं राहून आलेली माणसंही हसत उतरलेली असतात. जाताना मात्र बसायला जागा मिळूनही चेहरे उतरलेले असतात.

गणपतीला गावी जाणाऱ्यांच्या गर्दीवर दरवर्षी भरपूर बातम्या होतात. परत आल्यानंतरच्या आठवड्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. भूक मंदावते, कामात लक्ष लागत नाही, घरी फोन केला तर गळा दाटून येतो आणि नाही केला तर चैन पडत नाही. हे नेमकं काय असतं आणि ते कधी ओसरतं?

चाकरमानी म्हणजे कोण?

मुंबईत चाकरी करणारा कोकणी माणूस म्हणजे चाकरमानी. गावात त्यालाच 'मुंबईकर' म्हणतात आणि मुंबईत तोच 'गाववाला' असतो. दोन्हीकडे तो थोडासा पाहुणाच.

1850 च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातली माणसं गिरणगावात येऊ लागली. रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातलं, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेलं पोलादपूर आणि शेजारचं महाड हे त्याच पट्ट्यात येतं. डोंगरउताराची जमीन, चार महिने धो धो पाऊस आणि नंतर आठ महिने पाण्याची काळजी. भात, नाचणी, वरी यांवर घराचं पोट भरलं तरी रोख पैसा हाती लागत नसे. त्यामुळे घरटी एक-दोन माणसं मुंबईला, हा इथला शिरस्ताच झाला. महाडला औद्योगिक वसाहत आल्यावर काहींना जवळ काम मिळालं, पण मुंबईची वाट बंद झाली नाही.

परत आल्यावर नेमकं काय होतं?

घरच्या आठवणीने माणूस आजारी पडतो, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी नोंदवलं आहे. योहानेस होफर या स्विस वैद्यकाने 1688 मध्ये त्यासाठी 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द बनवला. आज आपण तो शब्द जुन्या गोड आठवणींसाठी वापरतो. तेव्हा तो चक्क एका आजाराचं नाव होता.

1955 मध्ये नॉर्वेचे संशोधक स्वेर्रे लिसगार्ड यांनी अमेरिकेत शिकायला गेलेल्या दोनशेहून अधिक नॉर्वेजियनांचा अभ्यास केला. सुरुवातीला उत्साह, मग खोल घसरण, मग हळूहळू सावरणं, असा इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आलेख त्यांनी मांडला. 1963 मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्यात भर घातली. मायदेशी परतल्यावर हीच घसरण पुन्हा येते, म्हणून आलेख 'डब्ल्यू'सारखा होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या संशोधकांनी हे आलेख सरसकट लागू होत नाहीत असं दाखवलं. काहींना पहिला दिवसच सगळ्यात जड जातो. पण एक मुद्दा टिकून राहिला: रुळणं हे एकदाच होऊन संपत नाही. प्रत्येक ये-जा ते थोडं उसवते.

सुट्टीवर अभ्यास करणाऱ्या डच संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. सुट्टीतून मिळालेला तजेला कामावर परतल्यावर साधारण पहिल्या आठवड्यातच ओसरतो. म्हणजे दहा दिवस गावी राहूनही आठवड्याभरात थकल्यासारखं वाटलं, तर त्यात त्या माणसाचं काही चुकलेलं नसतं.

पोलादपूर-महाडकरांना हे जास्त जड का जातं?

पहिलं कारण वेळेचं. गणपतीहून परतल्यावर काही दिवसांतच पितृपक्ष लागतो. ढोल, भजन, आरत्या यांच्यानंतर एकदम शांतता. तिकडे गावात भात पोटरीला आलेलं असतं आणि पुढची कापणी, झोडणी म्हाताऱ्या आईवडिलांच्या अंगावर पडणार हे मुंबईत बसलेल्या मुलाला माहीत असतं.

दुसरं कारण भीतीचं. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत समुद्राला मिळते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ तिच्यावरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्यात मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या गेल्या. 22 जुलै 2021 ला महाड शहर पुरात बुडालं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून 80 हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. वीज नाही, फोन लागत नाहीत, रस्ते बंद. अशा वेळी मुंबईतल्या माणसाच्या हातात फक्त न लागणारा फोन होता. पावसाळ्यात घर मागे ठेवून येणं म्हणजे काय, हे त्या वर्षीनंतर इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरं कारण बायकांचं, ज्याची नोंद क्वचितच घेतली जाते. पुरुषाला गावची सुट्टी मिळते, पण सुनेची चूल फक्त जागा बदलते. वीस माणसांचं रांधून ती परत येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे डबे भरायला उठते. तिचं 'मन लागत नाही' हे बऱ्याचदा निव्वळ न मिळालेल्या विश्रांतीचं दुखणं असतं. आणि तिचं माहेर राहून गेलं असेल, तर त्याची रुखरुख वेगळीच.

गाळा आणि मंडळ: रुळण्याची जुनी सोय

गिरणगावातल्या कोकणी माणसाने यावर स्वतःचा उपाय शोधला होता. एका गावची माणसं मिळून चाळीत खोली घ्यायची, तिला गाळा म्हणत. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एक उठला की दुसरा झोपायला यायचा. जेवण खानावळीत. गावाहून आलेला माणूस थेट गावच्याच माणसांत उतरायचा. आणलेला खाऊ सगळ्यांत वाटला जायचा, कुणाच्या घरी काय चाललंय ते सांगितलं जायचं, आणि त्या सांगण्यातच निम्मं दुःख हलकं व्हायचं.

1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, माणसं विरार, डोंबिवली, दिव्याकडे पांगली आणि गाळे कमी झाले. टिकून राहिली ती ग्रामस्थ मंडळं. वर्गणी काढणं, देवळाची डागडुजी, पाण्याची टाकी, शाळेला मदत, मुंबईत गेलेल्या माणसाची बातमी गावी पोचवणं ही सगळी कामं सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी. 2021 च्या पुरानंतर मदत घेऊन आणि चिखल उपसायला जी माणसं धावली, त्यांत मुंबईकर मंडळीही होती. परतलेल्या माणसाला अशा कामाचा दुहेरी उपयोग होतो. गावाशी धागा राहतो आणि मुंबईत आपलं माणूसही मिळतं.

परदेशातल्या स्वयंसेवकांचंही असंच

सेवाकार्यासाठी दूरदेशी राहणाऱ्यांना हा पेच आणखी टोचतो. अमेरिकेच्या पीस कोअरमध्ये स्वयंसेवकाची मुदत प्रशिक्षण धरून 27 महिन्यांची असते. मध्ये घरी जाऊन आलेल्याला परतल्यावर एक प्रश्न हमखास पडतो: पगार नाही, सक्ती नाही, मग मी इथे का? चाकरमान्याला पोटासाठी परतावंच लागतं. स्वयंसेवकाला मात्र ते कारण दरवेळी नव्याने शोधावं लागतं.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे असतानाच त्यांना वडिलांच्या निधनाची बातमी कळली, तरी ते परतले नाहीत. पथकातले बाकीचे डॉक्टर पुढे भारतात आले. कोटणीस तिथेच राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी तिथेच गेले. असा निर्णय प्रत्येकाने घ्यावा असं नाही. पण घर आणि काम यांतली ओढाताण भल्याभल्यांना चुकलेली नाही.

रुळायला काय उपयोगी पडतं?

- एक दिवस हातचा ठेवा. रात्रीच्या गाडीने पहाटे उतरून थेट कामावर जाऊ नका. महामार्गाची कोंडी धरली तर झोप होतच नाही आणि अपुऱ्या झोपेत उदासी दुप्पट वाटते.
- पिशव्या त्याच दिवशी रिकाम्या करा. कुळथाची पिठी शेजारी द्या, आमसुलं बरणीत भरा. बांधलेली पिशवी समोर राहिली की मनही बांधलेलंच राहतं.
- फोनची वेळ ठरवा. दिवसातून दहा वेळा करण्यापेक्षा रोज ठरावीक वेळी एकदा करा. घरच्यांनाही मग वाट बघायला एक वेळ मिळते.
- काळजीचं काम करून टाका. शेजारच्या दोन घरांचे नंबर, आईवडिलांच्या औषधांची यादी, अतिवृष्टीत कुणी कुठे हलायचं हे गावी असतानाच ठरवून या. नुसती हुरहुर वेगळी आणि खरी चिंता वेगळी. चिंतेला तयारीचाच उतारा लागतो.
- घरातलं काम वाटून घ्या. परतल्यावर पहिले दोन दिवस तरी स्वयंपाकाचा भार एकीवर नको.
- पुढची तारीख ठरवा. दिवाळी, शिमगा की मे महिना, हे कॅलेंडरवर दिसलं की मधले दिवस मोजता येतात.

बहुतेकांचं मन आठ-दहा दिवसांत ताळ्यावर येतं. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक बिघडलेलीच असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ती नुसती गावची आठवण नाही. सरकारची टेलीमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

परतताना पाय जड होणं हा दुबळेपणा नाही. मागे कुणीतरी वाट बघणारं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या घरात आता वाट बघणारं कुणी उरलेलं नाही आणि कुलूप फक्त गणपतीलाच उघडतं, त्या घरचा माणूस हे जास्त चांगलं सांगू शकेल.