नाताळमधील जबाबदार शासन आणि भारतीयांचा मताधिकार (१८९३-१८९६)

ब्रिटिश वसाहतींना प्राप्त झालेले जबाबदार शासन हा लोकशाहीच्या विकासातील एक टप्पा मानण्याचा प्रघात आहे. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचा अनुभव मात्र एक वेगळाच प्रश्न उपस्थित करतो. तेथील मंत्रिमंडळ जबाबदार झाले, ते नेमके कोणाला?

१८५६ च्या सनदेने नाताळला अंशतः निर्वाचित विधान परिषद दिली होती. तथापि कार्यकारी सत्ता गव्हर्नर व त्याच्या अधिकाऱ्यांच्या हाती होती. १८९३ च्या कायद्यान्वये ३७ सदस्यांची निर्वाचित विधानसभा व ११ नियुक्त सदस्यांची विधान परिषद निर्माण झाली. त्याच वर्षी नव्या विधानसभेची पहिली निवडणूक पार पडली आणि ऑक्टोबरमध्ये सर जॉन रॉबिन्सन यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. हॅरी एस्कंब हे त्यातील महाधिवक्ता होते.

ही निवडणूक ज्या मतदारांनी केली त्यांची संख्या पाहणे उद्बोधक ठरते. ५० पौंड किमतीची स्थावर मालमत्ता किंवा १० पौंड वार्षिक भाडे ही पुरुष मतदाराची अट वरकरणी वर्णनिरपेक्ष होती. आफ्रिकी रहिवाशांना १८६५ च्या कायद्याने जवळजवळ पूर्णपणे वगळले होते. देशी कायद्यातून सूट मिळून सात वर्षे लोटलेली असावीत, वसाहतीत बारा वर्षे वास्तव्य असावे, तीन गोऱ्या मतदारांची शिफारस असावी आणि एवढे होऊनही अंतिम निर्णय गव्हर्नरचा! चार लाखांहून अधिक लोकसंख्येतून हा उंबरठा ओलांडणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

भारतीयांवर मात्र असे बंधन नव्हते. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आणलेले करारबद्ध मजूर आणि त्यांच्या मागोमाग आलेले व्यापारी मिळून त्यांची संख्या गोऱ्यांच्या जवळपास पोहोचली होती. तरीही १८९५ मधील मतदार यादीत ९,३०९ युरोपीय मतदारांच्या तुलनेत भारतीय मतदार अवघे २५१ होते. म्हणजेच भीती होती ती आजच्या नव्हे, उद्याच्या मतदाराची. मजूर हवा, परंतु नागरिक नको, ही मळेवाल्यांच्या वसाहतीची भूमिका होती.

१८९४ मध्ये रॉबिन्सन यांनी मताधिकार दुरुस्ती विधेयक मांडले. आशियाई लोकांना प्रातिनिधिक शासनाची परंपराच ठाऊक नाही, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. मो. क. गांधी यांनी तयार केलेल्या अर्जात ग्रामपंचायती व म्हैसूरच्या प्रतिनिधी सभेचा दाखला देऊन त्याचे खंडन करण्यात आले. वसाहतमंत्री लॉर्ड रिपन यांच्याकडे सुमारे दहा हजार सह्यांचा अर्ज गेला आणि ऑगस्टमध्ये नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. वर्णाचा उघड उल्लेख असलेल्या या कायद्यास लंडनने संमती दिली नाही.

येथपर्यंत साम्राज्याचा अंकुश परिणामकारक वाटतो. परंतु रिपन यांच्यानंतर आलेल्या जोसेफ चेंबरलेन यांचा आक्षेप हेतूपेक्षा शब्दांनाच अधिक होता. १८९६ च्या कायद्यातून 'आशियाई' हा शब्द गेला. संसदीय मताधिकारावर आधारलेल्या निर्वाचित संस्था ज्या देशांत नव्हत्या, तेथील मूळ रहिवासी व त्यांचे पुरुषवंशज अपात्र ठरविण्यात आले. यादीत आधीच असलेली नावे तेवढी राखली गेली. भारतात १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळांत अप्रत्यक्ष निवडणूक सुरू झाली होती. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये याच मार्गाने मुंबई कायदेमंडळात गेले होते. 'संसदीय मताधिकार' या दोन शब्दांनी ही सारी निवडणूक गणतीबाहेर टाकली. कायद्याच्या मसुद्यातील कौशल्य ते हेच.

मतपेटीचा मार्ग असा बंद झाल्यावर नाताळमधील भारतीयांसाठी दबावाचे एक साधन मायदेशात उरले होते. १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळला होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मांडला. १९११ मध्ये ही भरती बंद झाली.